थडीवरची नाव

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघालेल्या प्रवाशास कामथडी हे गाव लागते खरे. परंतु ते त्याच्या दृष्टीस पडते, असे मात्र म्हणवत नाही. हमरस्ता आता इतका रुंद आणि इतका घाईचा झाला आहे, की खेड-शिवापूर मागे पडून नसरापूरचा फाटा येतो आणि पाठोपाठ कापूरहोळास भोरचा रस्ता फुटतो. मधल्या गावांची नावे पाटीवर वाचावयासही सवड मिळत नाही. तथापि ज्यास उतरण्याची फुरसत आहे, त्यास येथे भाताची खाचरे, पश्चिमेस दूरवर राजगड-तोरण्याच्या बाजूचे डोंगर, आणि शेतात काम करता करता परक्या माणसाची आस्थेने चौकशी करणारे लोक भेटतात.

गावाच्या नावातील 'थडी' हा शब्द आम्हांस फार आवडतो. थडी म्हणजे काठ. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती आपण सर्वांनी ऐकली आहे. पैलथडी हा शब्द तर संतवाङ्मय वाचणाऱ्या घरांत नित्याचा. ज्या गावाच्या नावातच पाण्याचा काठ आहे, तेथे एखादी नाव विकावयास निघाली असता त्यात नवल ते काय, असे वाचकांस वाटेल. परंतु ही नाव होडी नव्हती, पडावही नव्हता. ती होती शिडाची, शर्यतीची, विलायती घडणीची नाव. आणि ती पाण्यात नसून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या पडवीत, ताडपत्रीखाली, दोन पावसाळे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडलेली होती.

आमचे एक स्नेही नोकरीतून निवृत्त झाल्यावर कामथडीस वडिलार्जित घरी येऊन राहिले होते. तरुणपणी त्यांस शिडाच्या नावेचा छंद जडला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. जलसंपदा खात्याची परवानगी काढून ते हिवाळ्यातील रविवारी ती नाव गाडीमागे जोडून भाटघरच्या जलाशयावर नेत. येळवंडी नदीवरील हे धरण १९२८ साली पूर्ण झाले. मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून त्यास लॉईड धरण म्हणत. आता त्या जलाशयास येसाजी कंकांचे नाव आहे. तेवीस अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठविणारा हा जलाशय दोन्ही अंगांच्या डोंगरांतून लांबवर आत शिरलेला आहे, आणि आश्विनापासून माघापर्यंत त्यावर जो वारा खेळतो तो शिडास मोठा मानवतो, असे आमचे स्नेही सांगत. तीन वर्षांपूर्वी ते निवर्तले. मागे वहिनी, दोन मुलगे, एक नात, आणि ही नाव.

नावेची जात एंटरप्राइज. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज शिल्पकाराने १९५६ साली हिचा आराखडा काढला. लांबी सुमारे सव्वातेरा फूट, बसणारे दोघे, शिडे निळी. सामान्य माणसाने प्लायवुडच्या फळ्या आणून, सरस लावून, घरच्या अंगणात बांधावी, असा तिच्या घडणीचा हेतू होता. त्यामुळे ती देशोदेशी पसरली आणि आपल्याकडेही आली. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांत शिडाच्या नावांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल जातीच्या नावेत सुवर्णपदक मिळविले. त्या विजयाची बातमी आमच्या स्नेह्यांनी वर्तमानपत्रातून कापून आपल्या वाऱ्याच्या वहीत चिकटवून ठेवली होती. ही वही म्हणजे कोणत्या दिवशी वारा कोठून आला, किती टिकला, नाव कोठवर गेली, ह्याची बारीक अक्षरातील नोंद.

दोघेही मुलगे आमचे विद्यार्थी. धाकटा कामथडीस शेती पाहतो. थोरला परदेशी असतो. गेल्या वर्षी ज्येष्ठात धाकट्याचा निरोप आला: "सर, एकदा येऊन जा. आई तुमचे ऐकेल." गेलो. प्रश्न वरवर लहान होता. नातीस अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, आणि वसतिगृहासह पहिल्या हप्त्याचे पंचावन्न हजार रुपये आषाढात भरावयाचे होते. आदल्या वर्षी पिकाने दगा दिलेला; घरात विकण्याजोगी, कोणाच्या पोटावर पाय न देता विकता येईल अशी, वस्तू एकच. परंतु थोरल्याने तिची किंमत एक लाख वीस हजार ठरविली होती, आणि त्या किमतीस दोन वर्षांत एकही माणूस फिरकला नव्हता.

नसरापूरच्या बाजारात बैल विकावयास नेला, तर घटकाभरात त्याचा भाव निघतो. दहा गिऱ्हाइके दात पाहतात, पाठीवर हात फिरवितात, रुमालाखाली बोटे दाबली जातात, आणि व्यवहार होतो. बैलाचा भाव मालकाच्या मनात नसतो. तो त्या दहा माणसांत असतो. नावेस ही दहा माणसे कोठून आणावी? आपल्या प्रांतात शिडाची नाव चालविणारे म्हणजे आरमारातील व लष्करातील लोक, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील छात्र, आणि मुंबई-पुण्याच्या मोजक्या क्लबांचे सभासद. संस्थांस जुनी नाव सहसा नको असते. तरुण खेळाडूंचा ओढा आता काचतंतूंच्या, ऑलिंपिकास चालणाऱ्या नव्या जातींकडे. राहता राहिला हौशी माणूस. त्याजपाशी नाव ठेवावयास जागा हवी, ती ओढावयास गाडी हवी, आणि जवळ पाणी हवे. ही तिन्ही ज्यास अनुकूल आहेत अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

त्यातून ऋतूचाही फेरा. वैशाख-ज्येष्ठात भाटघरचे पाणी इतके उतरते, की एरवी बुडून असलेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि लोक चिखल तुडवीत दर्शनास जातात. अशा दिवसांत नाव घ्यावयास कोण येणार? गिऱ्हाईक यावयाचे तर भाद्रपदानंतर, जलाशय भरल्यावर. आणि पैका तर आषाढात हवा. शिवाय लाकडी नाव ही सोन्यासारखी पेटीत ठेवून वाट पाहण्याची वस्तू नव्हे. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, प्लायवुडचे पदर सुटू लागतात, शिडाचे कापड घडीवर विरते. धाकट्याने हिशेब दाखविला. रोगण, ताडपत्री आणि ओढगाडीची चाके ह्यांपायी वर्षास आठ हजार जात होते. दोन वर्षांत सोळा हजार खर्चून वस्तू अधिक जुनी मात्र झाली होती.

कोकणच्या बंदरांनी हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. ह्याच भोरवरून वरंध घाटाने उतरले म्हणजे सावित्रीकाठचे महाड लागते. एके काळी भरतीच्या पाण्याबरोबर शिडाची गलबते महाडापर्यंत माल आणीत, आणि तो बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. पुढे किनाऱ्याने आगबोटी धावू लागल्या, मग रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि स्वातंत्र्यानंतर मचव्यांत यंत्रे बसू लागली. तेव्हा शिडाच्या गलबतांस गिऱ्हाईक उरले नाही. ज्यांनी वेळीच विकली त्यांस नावेचे मोल मिळाले. ज्यांनी वाट पाहिली त्यांस सागवानी वाशांचे.

जुन्या ग्रंथकारांनी नावेच्या लाकडाचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'त लाकडांच्या जाती लावून कोणत्या जातीची नाव सुखसंपत्ती देते हे सांगितले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी झाडे तोडण्याविषयी जो नियम आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घेणेच पडले तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. वस्तूच्या किमतीबरोबर धन्याचा संतोषही व्यवहारात धरावा, हे त्या मुत्सद्द्याने राजसत्तेसही सांगून ठेवले. मग घरच्या माणसांनी तो का धरू नये?

आम्ही थोरल्याशी दूरध्वनीवरून बोललो. त्यास म्हटले, "बाबा रे, तू ज्या देशात आहेस तेथे अशा जुन्या लाकडी नावा कितीला जातात ते पाहा." दुसऱ्या दिवशी त्याचाच निरोप आला. तेथे अशा नावा काही शे पौंडांत मिळत होत्या. कित्येक तर 'कोणी घेऊन जा' म्हणून फुकट दिल्या जात होत्या. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "सर, मी किंमत नावेची लावलीच नव्हती. कोणी घेऊ नये म्हणून लावली होती." ह्यावर आम्ही काय बोलणार? बापाची आठवण मुलाने लाखात मोजली, हा त्याचा दोष नव्हे. मात्र ती आठवण बाजारात मांडली होती, आणि तिचे भाडे धाकटा भाऊ भरीत होता, एवढे त्यास सांगणे प्राप्त होते.

किंमत उतरविताच आठ दिवसांत दोन गिऱ्हाइके आली. पहिला एका विश्रामगृहाचा चालक. त्याने पंचाहत्तर हजार रोख देऊ केले. हिरवळीवर नाव मांडून तीत फुलझाडे लावावयाची होती. पाणी साचू नये म्हणून तळास भोके पाडणार, हे त्याने मोकळेपणे सांगितले. दुसरा भोरकडचा, आरमारातून नुकताच मोकळा झालेला एक तरुण. गावच्या मुलांस शीड धरावयास शिकवावे अशी त्याची उमेद. परंतु जवळ बेताचे. तो साठ हजार म्हणाला. पैकी चाळीस तत्काळ, वीस दिवाळीस. त्याने नावेखाली निजून तळ ठोकून पाहिला, मधल्या फळ्याच्या पेटीपाशी लाकूड कुजल्याचे अचूक दाखविले, आणि तरीही साठाचे पंचावन्न केले नाहीत.

धाकटा आमच्याकडे पाहू लागला. आम्ही एवढेच म्हटले, की पंचाहत्तर घेण्यात पाप नाही. मुलीचे शिक्षण हेही नाव पार नेण्याचेच काम आहे. वहिनी इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, पैसे मलाही हवेत. पण ह्यांनी तीस वर्षे त्या तळातून थेंब आत येऊ दिला नाही. तिथे भोके पाडायला मी माझ्या हाताने द्यायची का?" धाकटा म्हणाला, "आई, आषाढात पंधरा हजार कमी पडतील." ती गोष्ट खरीच होती, आणि कोणाच्याही भावनेने ती खोटी होत नव्हती.

तो पेच थोरल्याने सोडविला. कमी पडणारे पंधरा हजार त्याने त्याच आठवड्यात पाठविले, आणि दिवाळीस येणाऱ्या विसांतून आपणांस काही नको, ते आईपाशी राहावे, असे कळविले. नातीची फी मुदतीत भरली गेली. नाव भोरकडे गेली. वाऱ्याची वही वहिनींनी ठेवून घेतली; मात्र त्या तरुणाने मागितली तेव्हा चार दिवस उतरून घ्यावयास दिली, आणि ती त्याने वेळेवर परत आणून दिली. दिवाळीचे वीस हजार मार्गशीर्षात आले. उशीर झाला, पण आले.

घरोघरी अशी एखादी नाव असते. कोणाकडे ती वडिलांची मोटार असते, कोणाकडे आजोबांचा छापखाना, कोणाकडे ऑर्गन. ती विकावयाची वेळ आलीच, तर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी निरनिराळ्या लिहून काढाव्या: वस्तू आज कितीस जाईल, ती ठेवण्यास वर्षास किती लागेल, आणि तिच्यातील काय विकावयाचे नाही. तिसरी गोष्ट आधीच बाजूस काढून ठेवली, म्हणजे पहिल्या दोहोंविषयी भावाभावांत वितुष्ट येत नाही.

कामथडीस जाणाऱ्यांनी जवळच नसरापूरचे बनेश्वर अवश्य पाहावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळचे हे देवालय झाडीत लपलेले आहे. तेथील घंटेवर क्रूस असून १६८३ हे साल कोरलेले आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतील ही घंटा असे सांगतात. समुद्रकाठच्या पोर्तुगीज देवळासाठी ओतलेली घंटा घाट चढून आली आणि महादेवापुढे वाजू लागली. तिच्यावरील क्रूस कोणी घासून काढला नाही, आणि तिचा नादही बदलला नाही. आम्ही गेलो त्या दिवशी शाळेतील मुलांची रांग लागली होती, आणि प्रत्येक जण उड्या मारून ती वाजवीत होता.