तीर्थकाकांचें कुल

पाणिनीच्या एका समाससूत्राचें विवरण करतांना पतंजलीनें महाभाष्यांत 'तीर्थकाक' या शब्दाचा अर्थ सांगितला आहे. तीर्थावरचा कावळा जसा एके ठिकाणीं फार वेळ टिकत नाहीं, तसा गुरुकुलांत जाऊन जो तेथें फार काळ राहत नाहीं तो विद्यार्थी तीर्थकाक. शब्द उघड उघड निंदेचा आहे. आणि १९९४ च्या जूनपासून १९९५ च्या एप्रिलपर्यंत अशा बेचाळीस तीर्थकाकांचें पालकत्व माझ्याकडे होतें. त्या वर्षाची हकीकत वाचकांस, विशेषतः ज्यांचीं मुलें डबा घेऊन दूरच्या शाळेंत जातात त्यांस, सांगावी असें बरेच दिवस मनांत होतें.

पांचगणीच्या एका निवासी विद्यालयांत मी संस्कृत व मराठी शिकवीत असें. माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतेंच. पुढील अध्ययन वाईस शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून झालें. विद्यालयांत मुलांचीं चार कुलें होतीं. प्रत्येकास स्वतःची इमारत, स्वतःची पंगत, स्वतःची पताका. पांचवें तें दिवसकुल, म्हणजे वाई, पसरणी व खुद्द पांचगणी येथून रोज येऊन जाणाऱ्या मुलांचें. त्याची इमारत म्हणजे जिन्याखालची एक अंधारी खोली. निवासी मुलें यांस 'डबेवाले' म्हणत, आणि शिक्षकही, मुलें जवळ नसलीं म्हणजे, तसेंच म्हणत.

कुलांची ही पद्धत आपण इंग्रजांकडून घेतली, तिच्याबरोबर तिचें व्यंगही घेतलें. रग्बीची प्रसिद्ध शाळा १५६७ सालीं लॉरेन्स शेरिफ नांवाच्या लंडनच्या किराणा व्यापाऱ्यानें आपल्या जन्मगांवच्या मुलांकरितां काढविली. पुढें दूरदूरच्या धनिकांचे मुलगे तेथें राहावयास आले आणि ज्यांच्याकरितां शाळा निघाली ते गांवचे मुलगेच उपरे ठरले. ब्रिस्टल येथील क्लिफ्टन विद्यालयांत मात्र (तें १८६२ सालचें) गांवच्या मुलांचीं उत्तर नगर व दक्षिण नगर अशीं स्वतंत्र कुलें झालीं व तीं निवासी कुलांच्या बरोबरीनें नांदलीं. आमच्या चालकांस रग्बी ठाऊक होती, क्लिफ्टन नव्हतें. जूनमध्येंच मला सांगण्यांत आलें कीं, पुढील वर्षापासून दिवसकुल मोडून मुलें चार कुलांत वाटून टाकावीं असा विचार आहे; मार्चच्या सभेंत काय तें ठरेल. वरवर पाहतां ही सूचना उदार वाटते. पण दहा-दहा मुलें परक्या घरांत वाटलीं म्हणजे तीं त्या घरचीं होत नाहींत, पाहुणीं होतात. आणि रोजच्या पाहुण्यास कोणी पाट मांडीत नाहीं.

मी वाईहूनच येत असल्यामुळें त्यांतलाच एक कावळा होतों. सकाळच्या एस.टी.नें आम्ही निघत असूं. आषाढांत पसरणीच्या घाटांत धुकें इतकें दाट असे कीं, दिवसा दिवे लावून गाडी एकेक वळण चांचपीत घेई. स्थानकापासून शाळेपर्यंत चालतांना मुलें चिंब होत आणि तशींच ओलीं दिवसभर वर्गांत बसत. म्हणून प्रत्येकाच्या घरून एकेक जुना सदरा व विजार आणवून त्या खोलींत ठेविली, एक दोरी बांधली आणि शिपाईबोवांकडून कोळशाची शेगडी मिळविली. कोणाचा सदरा कोणाच्या अंगांत जाई. पहिल्या आठवड्यांत त्यावरून भांडणें झालीं, दुसऱ्यांत थट्टा झाली, तिसऱ्यांत कोणी विचारीनासें झालें. आमच्या कुलाचा आरंभ म्हणावयाचा तर त्या दोरीपासून.

डब्यांचें प्रकरण अधिक नाजूक होतें. पसरणीच्या एका शेतकऱ्याचा सातवींतला मुलगा भाकरी व खर्डा आणी आणि भिंतीकडे तोंड करून खाई. त्याच्या शेजारीं एका डॉक्टरांचा मुलगा तीन पुडांचा डबा उघडी. जुलैअखेर त्या शेतकऱ्यानें मला गांठून म्हटलें, "गुरुजी, पोराचा दाखला द्या. घरीं आल्यावर बोलत न्हाई त्यो." मीं त्यास दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. मुलांस उपदेश केला नाहीं. उपदेशानें असलीं मुलें अधिकच भिंतीकडे वळतात. मंडळाकार बसावें आणि सर्वांनीं झांकणें एकदम काढावीं, एवढाच नियम घातला. त्यांत मीही बसलों. पावसांत पोळ्या गार होऊन वातड होत. शेगडीवर शेकलेली भाकरी मात्र खमंग लागे. महिन्याभरांत त्या मुलाच्या आईस चार भाकऱ्या जास्त थापाव्या लागूं लागल्या. त्याच्या वडिलांनीं दिवाळीनंतर दाखल्याचें नांव काढलें नाहीं. पौषांत मात्र आम्हां सर्वांस शेतावर हुरड्यास बोलाविलें.

दुसरा नियम वाट पाहण्याचा. कोणाचा खेळ, कोणाची शिक्षा, कांहींही असो. सर्वांचें आटोपल्यावांचून कोणीं एकट्यानें निघूं नये. प्राचीन शिष्याचें समावर्तन बारा वर्षांनीं होई, आमच्या मुलांचें रोज सायंकाळीं होई. तें तरी एकत्र व्हावें. या थांबण्यांत थोरलीं मुलें धाकट्यांचें गणित पाहूं लागलीं. 'तीर्थकाक' हा शब्द मीं वर्गांत सांगितला तेव्हां तर त्यांस इतका आनंद झाला कीं, 'डबेवाले' टाकून त्यांनीं तोच धरला व पताकेवर चोंच वासलेला कावळा काढला. ढाल मात्र आम्हांस मिळाली नाहीं. खेळांत त्या वर्षीं आम्ही पांचवेच होतों.

निवासी मुलांपैकीं विदर्भांतून आलेला पांचवीचा एक लहानगा मधल्या सुट्टींत आमच्या दारांत उभा राही. त्यास कांहीं नको असे. घरच्या पोळीचा वास यावा एवढ्यासाठीं तो येई, हें मुलांनीं माझ्याआधीं ओळखलें व त्यास आंत घेतलें. त्याच्यामागून इतर आले. संक्रांतीस परवानगी काढून सात-आठ निवासी मुलें आमच्या मुलांच्या घरीं वाईस तिळगूळ घेऊन गेलीं. माघ-फाल्गुनांत वाईच्या घाटांवर आळीआळीचा कृष्णाबाईचा उत्सव होतो. आमच्या आळीच्या उत्सवास तर चारही कुलांतील मुलें खालीं उतरलीं आणि नदीकांठीं पंगतींत बसलीं. वाढावयास दिवसकुल होतें. त्या दिवशीं पाट मांडणारे आम्ही होतों.

मार्चच्या सभेंत मला फारसें बोलावें लागलें नाहीं. निवासी कुलांच्या प्रमुख विद्यार्थ्यांचें मत विचारण्याची तेथें चाल होती. तिघांनीं दिवसकुल असूं द्यावें असें सांगितलें. चौथ्यास पसरणीचा तो मुलगा आपल्या धांवण्याच्या संघांत हवा होता, म्हणून त्यानें विरोध केला. ठराव रद्द झाला नाहीं, दोन वर्षें तहकूब झाला. पुढें त्याची आठवण कोणीं काढली नाहीं आणि मी निवृत्त होईपर्यंत कुल टिकलें. जिन्याखालून मात्र आमची सुटका झाली. व्यायामशाळेलगतची, दोन खिडक्यांची, सामानाची एक जुनी खोली आम्हांस मिळाली. एप्रिलांत किल्ली हातीं आली तेव्हां बाहेर कडक ऊन होतें आणि पावसास दोन महिने अवकाश होता. तरी मुलांनीं आंत जातांच प्रथम दोरी बांधली.