अंडाकृती चेंडू आणि आम्ही

जो खेळ आपण कधी खेळलो नाही त्याविषयी मत देऊ नये, हे तत्त्व बडोद्याच्या कोणत्याही कट्ट्यावर पाळले गेल्याचे आम्हांस आठवत नाही. विजय हजारे ज्या संघातून खेळले त्या संघाच्या गावात वाढलेला माणूस, आयुष्यात बॅट हाती न धरताही, कोणाचा कोणता फटका का चुकला हे अधिकारवाणीने सांगतो. तेव्हा वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी अमेरिकन फुटबॉलविषयी आमची मते तयार झाली, यात नवल काहीच नाही. नवल एवढेच, की त्या मतांची परीक्षा घेण्याची वेळ आमच्याच घरात आली.

आमची कन्या व जावई पिट्सबर्गजवळ राहतात. आम्ही उभयता चार महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. विमानतळावर उतरताच दोन पुतळे दिसले. एक जॉर्ज वॉशिंग्टन यांचा, आणि त्यांच्या शेजारी वाकून, पायांजवळ आलेला चेंडू उचलणाऱ्या एका खेळाडूचा. राष्ट्रपित्याच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा मान ज्या गावात फुटबॉलपटूला मिळतो, त्या गावात रविवारी दुपारी दुसरे काय चालणार? बारा वर्षांच्या नातवाने पहिल्याच रविवारी आमच्या हाती पिवळा रुमाल दिला आणि 'स्टीलर्स' हा आपला संघ असल्याचे सांगून टाकले. आपली पसंती कोणी विचारली नाही, याचे आम्हांला वाईट वाटले नाही. कुलदैवत तरी कोण निवडतो?

आरंभी त्या खेळाचे नावच आम्हांला पटेना. पायाचा संबंध क्वचित, आणि चेंडू तर गोलही नाही. पण नातू चिकाटीचा. अकरा गडी विरुद्ध अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. साधले तर पुन्हा चार प्रयत्न, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. "यार्ड म्हणजे वारच की," असे आम्ही म्हणताच सौ. उद्गारल्या, "म्हणजे नऊवारीहून एकच वार अधिक, आणि त्यासाठी एवढी मारामारी!" त्या दिवसापासून घरात हे माप पक्के झाले. सामना तीन तास चालतो, त्यांतला चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा. उरलेला वेळ मसलतीचा. हुतूतूचा जोर आणि बुद्धिबळाची बैठक यांचा असा संयोग आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

हळूहळू आमची मते बनू लागली. गेल्या वर्षी जो संघ सर्वांत मागे राहिला त्याला नव्या खेळाडूंतून प्रथम निवड करू देण्याची तेथील रीत आम्हांला फार आवडली. भांडवलशाहीच्या माहेरघरी, पंक्तीत मागे राहिलेल्याला आधी वाढण्याचा हा शहाणपणा! अर्थात निवड करणाऱ्यांनाही माणूस नेहमी ओळखता येतोच असे नाही. २००० साली टॉम ब्रेडी यांचा क्रमांक १९९वा लागला, आणि पुढे त्यांनीच सात वेळा सुपर बोल जिंकला.

संघांमध्ये, नातवाचा रोष पत्करूनही, आमचे मन ग्रीन बे गावच्या 'पॅकर्स'वर बसले. लाखभर वस्तीचे ते गाव. पण संघ कोणा धनिकाचा नाही, लाखो सामान्य भागधारकांचा आहे. भागावर लाभांश मिळत नाही, बाजारात तो विकता येत नाही. कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगायचा, एवढाच नफा. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी भरणाऱ्या आम्हां लोकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. याउलट बाल्टिमोरचा 'कोल्ट्स' संघ १९८४ च्या मार्च महिन्यात एका रात्री ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. गाव सकाळी जागे झाले तेव्हा संघ नव्हता. मुलूख सोडून पिढ्यान्‌पिढ्या परगावी राहिलेल्या आमच्यासारख्यांना स्थलांतराचे दुःख ठाऊक आहे. पण माणसे जागीच राहिली आणि गावच त्यांना सोडून गेले, असा हा प्रकार.

आणि नियम! ते दरवर्षी बदलतात, हे प्रथम आम्हांला चंचलपणाचे लक्षण वाटले. मग विमानतळावरच्या त्या पुतळ्याची कथा कळली. २३ डिसेंबर १९७२. ओकलंडच्या 'रेडर्स'विरुद्धचा सामना हातचा गेला होता, अवघी काही सेकंदे उरली होती. स्टीलर्सचा एक गडी फेकलेला चेंडू झेलू पाहत असता ओकलंडचा जॅक टेटम त्याच्यावर आदळला, चेंडू उसळून मागे आला आणि जमिनीला टेकण्यापूर्वीच फ्रँको हॅरिस यांनी तो उचलून धाव घेतली. पिट्सबर्ग १३-७ असे जिंकले. चेंडू आधी कोणाला लागला यावर अजून वाद चालतो. कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो केवळ स्वपक्षाच्या गड्याला लागून आला असता तर हॅरिस यांचा झेल अवैध ठरला असता. १९७८ मध्ये तो नियमच काढून टाकण्यात आला. अलीकडे, जानेवारी २०२२ मध्ये, कॅन्सस सिटीने जादा वेळेत बफेलोला ४२-३६ असे हरवले. नाणेफेक हरल्यामुळे बफेलोच्या आक्रमक गड्यांना जादा वेळेत चेंडू मिळालाच नाही. दोन्ही पक्षांना संधी हवी असा नियम त्याच वर्षी बाद फेरीसाठी झाला आणि २०२५ मध्ये सर्व सामन्यांना लागू झाला. चूक दिसताच ती कबूल करणारे नियमपुस्तक आम्हांला मोठे सुसंस्कृत वाटू लागले. आम्ही त्या खेळाचे भक्त झालो होतो.

अशा वेळी एका संध्याकाळी नातवाने शाळेतून एक कागद आणला. शाळेच्या फुटबॉल संघात खेळण्यास पालकांची संमती, आणि खाली सहीची जागा. जावईबापूंनी लेखणी काढली, कन्येने कागद ओढून घेतला. दोन दिवस घरात कोणी मोकळेपणाने बोलेना. तिसऱ्या दिवशी कन्या म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच सांगा."

सांगण्यापूर्वी आम्ही वाचावयास बसलो. जे वाचले त्यात तोच जॅक टेटम पुन्हा भेटला. ऑगस्ट १९७८ मधल्या एका सरावाच्या सामन्यात झेलासाठी झेपावलेल्या डॅरिल स्टिंगलीवर तो आदळला. स्टिंगलीची मान मोडली आणि तो जन्माचा पांगळा झाला. त्याचे वय तेव्हा सव्वीस. टेटमला शिक्षा झाली नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती टक्कर बसत होती. ज्या नियमपुस्तकाला आम्ही सुसंस्कृत म्हटले, त्याचेच हे दुसरे पान.

दुसरी हकीकत तर पिट्सबर्गचीच. स्टीलर्सच्या चार विजेतेपदांचा भागीदार माइक वेबस्टर २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला. अखेरच्या काळात त्याची स्मृती ढळली होती. कित्येक रात्री तो आपल्या गाडीतच झोपे. शवचिकित्सा करणारे डॉक्टर बेनेट ओमालू नायजेरियातून आलेले, या खेळाविषयी भक्तिभाव नसलेले. त्यांनी मेंदू तपासला, आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा विकार त्यात त्यांना आढळला. २००५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हा व्यावसायिक लीगच्या वैद्यांनी लेख मागे घेण्याची मागणी केली. पुढे पुरावा वाढत गेला. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या १११ व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हाच विकार निघाला. ज्यांना शंका होती त्यांच्याच घरच्यांनी बहुधा हे मेंदू दिले, म्हणून यावरून सर्व खेळाडूंचे प्रमाण काढता येत नाही, हेही खरे. पण जितकी अधिक वर्षे खेळ तितका धोका अधिक, आणि तो मोठ्या आघातांनीच नव्हे तर रोजच्या लहान धक्क्यांनीही साठत जातो, एवढे आता निश्चित झाले आहे.

"पण हेल्मेट असतं ना!" नातू म्हणाला. आम्ही म्हणालो, "बाळा, शहाळं हातात धरून जोरानं हलव. कवटी शाबूत राहते, पण आतलं पाणी?" हेल्मेट कवटी वाचवते, आतल्या मेंदूचे हिंदकळणे थांबवीत नाही. उलट, डोके सुरक्षित आहे या भरवशावर तेच डोके पुढे घालून धडक देण्याची सवय लागते.

नातू कायदेपंडितासारखा बोलू लागला. डोके खाली घालून धडक देण्यास २०१८ पासून दंड आहे. २०२४ पासून सामन्याचा आरंभच अशा रीतीने होतो की दोन्ही बाजूंचे गडी लांबून धावत येऊन आदळत नाहीत. सारे खरे होते. आम्हांला १९७६ सालचे किंग्स्टन आठवले. आमच्या बडोद्याच्या अंशुमान गायकवाडांच्या कानावर मायकेल होल्डिंगचा चेंडू बसला आणि ८१ धावांवर त्यांना मैदान सोडावे लागले. ती बातमी वाचून सारे गाव हळहळले होते. त्यानंतर दोन वर्षांतच कसोटी क्रिकेटमध्ये हेल्मेट दिसू लागले. पण क्रिकेटमध्ये डोक्याला चेंडू लागतो तो चुकून वा कोणाच्या दुष्टाव्याने. तो टाळला तरी क्रिकेट उरते. या खेळातून टक्कर काढली तर मागे काय उरेल? नियम कितीही सुधारले, तरी जो खेळाचा गाभाच आहे त्याला ते कसे हात लावणार?

"आजोबा," नातवाने शांतपणे विचारले, "तुम्ही तर दर रविवारी बघता, टाळ्या वाजवता. मग मी खेळलो तर काय बिघडलं?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मैदानावरचा प्रत्येक गडी कोणाचा तरी नातूच असतो. ज्या खेळात आपल्या घरचे मूल उतरवण्यास आपला जीव धजत नाही, तो दुसऱ्याच्या मुलांनी खेळावा आणि आपण फराळाचे ताट घेऊन पाहावा, हे न्यायाचे नाही. मोठी माणसे समजून उमजून पैशासाठी व कीर्तीसाठी धोका पत्करतात, असे म्हणता येते. पण त्यांनीही कधी बाराव्या वर्षीच आरंभ केलेला असतो, आणि तेव्हा सही दुसऱ्याच कोणाची असते.

आम्ही मत दिले: आज सही नको. कमरेची पट्टी ओढून गडी बाद करण्याचा, टकरीवाचूनचा प्रकार खेळावा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीही तो निवडला गेला आहे. पूर्ण वाढ झाल्यावर काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. जावईबापूंनी मान डोलावली. त्यांना पटले की त्यांनी वडीलधाऱ्यांचा मान राखला, हे आम्ही विचारले नाही. नातू दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

पुढच्या रविवारी तो आपणहून शेजारी येऊन बसला आणि रुमाल आमच्या मांडीवर टाकला. आम्ही दूरचित्रवाणी बंद केली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ज्यांची नातवंडे तिकडे वाढत आहेत अशा वाचकांनी आम्हांस दुटप्पी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. स्टीलर्सनी आपले दहा वार पुरे केले आणि घरात आरोळी उठली. आमचा हात रुमालाकडे गेला. पण मैदानावर एक गडी अजून पडून होता. तो गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला.

"उठला," नातू म्हणाला. मग आम्ही रुमाल उचलला.