बेट भाग

शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडी या नद्यांच्या मधल्या गावांना 'बेट भाग' म्हणतात. टाकळी हाजी, जांबूत, पिंपरखेड ही त्यांतली गावे. समुद्राचा वाराही न लागलेल्या या मुलखाला बेट का म्हणावे, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. मॉरिशस पाहून आल्यावर तो पडला.

मॉरिशसमध्ये आम्हां दौंड-शिरूरकडच्या मंडळींना परके असे वाटले नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच होता. एकोणिसाव्या शतकात करारावर नेलेल्या मराठी मजुरांनी याच उसात घाम गाळला. पाम्प्लेमूसच्या उद्यानात परातीसारख्या कमळपानांभोवती पर्यटकांची झुंबड असते. पाने देखणी खरीच, पण ती अॅमेझॉनकडची. बेटाचे स्वतःचे रान बरेचसे माणसाने आणि उसाने गिळले. डोडो तर सतराव्या शतकातच संपला.

उरलेसुरले पाहण्यासाठी माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत या चिमुकल्या बेटावर होडीने जावे लागते. अवघे 26 हेक्टर. 1965 साली ते राखीव झाले. पुढे उंदीर हटवले, परकी झाडे उपटली, मूळची रोपे लावली. तिथली महाकाय कासवे नामशेष झाली होती, म्हणून अल्डाब्राची आणली. ती फळे खातात आणि बी पसरवतात. 1990 च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलेले गुलाबी कबूतर आज तिथे फांदीवर निवांत बसलेले दिसते. हे साधले, कारण भोवती समुद्राचा पहारा आहे.

आमच्याकडे असा पहारा नाही. दौंडच्या शेजारी, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. तिथल्या चिंकाऱ्याला हद्दीचा दगड कळत नाही. तो बाहेरच्या माळांवर चरतो, आणि त्या माळांना आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतो.

बेट भागात याच्या उलट घडले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, उसात बिबट्या आला. मादी तिथेच विते. तोडणीच्या वेळी मजुरांना पिल्ले सापडतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन मुले होती. त्या अंगणात उभे राहून सहजीवनाची प्रवचने देणे आम्हांस जमणार नाही. मात्र 'सगळे पकडून दूर सोडा' हे उत्तरही तपासून पाहिलेले आहे. या शतकाच्या आरंभी जुन्नर परिसरात तेच केले गेले, आणि त्यानंतर हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले.

एग्रेतवर आम्ही तिकीट काढून गेलो, दोन तास हिंडलो आणि होडीने परतलो. बेट भागातल्या माणसाला परतीची होडी नाही. त्याला रात्री वीज येते तेव्हा उसाला पाणी द्यायचे असते. त्याच्या मुलाला उसाच्या कडेने शाळेतून घरी यायचे असते. म्हणून शेतीला दिवसा वीज, घराला लागून ऊस नको आणि संध्याकाळी मूल एकटे नको, या साध्या गोष्टी आम्हांस वन्यजीव रक्षणाच्याच गोष्टी वाटतात. कुठल्याही अभयारण्याच्या फलकावर त्या लिहिलेल्या नसतात, एवढेच.