चार अक्षरे, तीन अर्थ

'शिक्षा' म्हटले की मराठी माणसाला छडी आठवते, हिंदी माणसाला शाळा. अक्षरे तीच, अर्थ मात्र दोन! असा प्रकार युरोपात पावलोपावली भेटतो. तो पाहायचा तर स्वित्झर्लंडला आगगाडीने फिरावे. सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटरचा हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाही नाही. पण त्याच्या राष्ट्रभाषा चार आहेत: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श.

जिनिव्हा हे फ्रेंच बोलणारे शहर. तेथे बेकरीच्या पाटीवर पी, ए, आय, एन अशी अक्षरे दिसतात. इंग्रजी शिकलेला माणूस 'पेन' म्हणजे वेदना असे वाचील. फ्रेंचमध्ये तो 'पँ', म्हणजे चक्क पाव! हा शब्द लॅटिन 'पानिस'पासून झाला. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' त्याचाच भाऊबंद. इंग्रजीतली वेदना मात्र 'पोएना' या दुसऱ्याच लॅटिन शब्दातून आली. त्याचा अर्थ दंड.

जिनिव्हाहून गाडी तीन तासांच्या आत झुरिकला पोहोचते. वाटेत फ्रेंच संपते, जर्मन सुरू होते. झुरिकच्या दुकानांच्या काचेवर 'सेल' असे इंग्रजीत लिहिलेले असते. एस, ए, एल, ई ही चार अक्षरे इंग्रजीत विक्री सांगतात. फ्रेंच माणूस तीच 'साल' अशी वाचतो आणि त्याचा अर्थ होतो घाणेरडे! इटालियन माणूस म्हणतो 'साले', पण ती शिवी नव्हे. ते रोजच्या जेवणातले मीठ. इटालियन शब्द लॅटिनमधला, फ्रेंच शब्द जुन्या जर्मानिक बोलीतला आणि इंग्रजी शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला. तिघांचे कूळ वेगळे.

झुरिकहून दक्षिणेला जुन्या मार्गाने निघालेली गाडी ग्योशेनेनला गोटहार्ड बोगद्यात शिरते. १५ किलोमीटरनंतर ऐरोलोला बाहेर पडते, तेव्हा स्टेशनवरच्या पाट्या इटालियन झालेल्या असतात. प्रवाशाला ही गंमत वाटते. पण हा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात ज्यांनी खोदला, ते बहुतांशी इटलीतून आलेले गरीब मजूर होते. १८७५ साली ग्योशेनेनला त्यांनी संप केला. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ४ कामगार ठार झाले. परक्या भाषेच्या मुलखात राबणाऱ्या त्या माणसांची आठवण बोगद्यातून जाताना ठेवली पाहिजे.

कामगाराला शब्दाचा अर्थ नीट कळणे हा जिवाचा प्रश्न असतो. जी, आय, एफ, टी ही अक्षरे पाहा. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तू, जर्मनमध्ये विष! येथे मूळ मात्र एकच, 'देणे'. दिलेली वस्तू ती भेट. औषधासारखा दिलेला डोस बिघडत विषाच्या अर्थाला गेला. म्हणूनच विषारी रसायनाच्या डब्यावर नुसता शब्द पुरत नाही, कवटीचे चित्रही लागते. ते चित्र कोणत्याही भाषेच्या माणसाला समजते.

आज आपली मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जात आहेत. त्यांना आईवडिलांनी एवढेच सांगावे: अक्षर ओळखीचे दिसले म्हणून अर्थही ओळखीचा समजू नका. डबा उघडण्याआधी, कागदावर सही करण्याआधी विचारा. विचारण्यात कसला आलाय कमीपणा?