घडीच्या चाकूचे वय

जुन्या घडीच्या चाकूचे वय मुठीवरून ठरवू नये. मूठ बदलता येते. पाते जेथे मुठीत शिरते, तेथील ठसा पाहावा.

आमच्या धर्मग्रामातील दोघा भावांनी वाटणीच्या वेळी असा एक चाकू आम्हांपुढे ठेविला. पणजोबांपासून तो थोरल्या मुलाकडेच येत आला, असा थोरल्याचा दावा. भिंगाखाली शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याची खूण दिसली : तारा आणि माल्टाचा क्रूस. शेजारी मुकुट व राजाची आद्याक्षरे. राणी व्हिक्टोरिया १९०१ साली निवर्तली, तोवर ‘व्ही. आर.’, मग १९१० पर्यंत एडवर्ड राजाची ‘ई. आर.’, त्यापुढे जॉर्ज राजांची ‘जी. आर.’. येथे ‘जी. आर.’ होती. पातेही न गंजणाऱ्या पोलादाचे. ते पोलाद हॅरी ब्रिअर्ली ह्याने शेफील्ड येथे १९१३ साली सिद्ध केले.

आमच्या नोंदवहीत पणजोबांचे दफन १९०७ सालचे आहे. तेव्हा चाकू आजोबांनी घेतलेला, आणि आजोबा दोघांचेही. थोरल्याने तो मुकाट्याने धाकट्याच्या हाती दिला.

वाचकहो, घरी असा चाकू असल्यास धार लावणाऱ्यास बजावून ठेवा : पाते घासावे, ठसा घासू नये.