नेरचा हमरस्ता
अमरावती–यवतमाळ मार्गावरचे नेर परसोपंत हे तालुक्याचे गाव. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही व्यापाऱ्यांची जुनी मांडणी येथे सोयीची. कापूस-तुरीच्या हंगामात खेड्यांतून उतरलेले गिऱ्हाईक आधी रस्त्यालगतचीच पायरी चढते. गल्लीतल्या दुकानदाराला हे भाग्य लाभत नाही. त्याची किंमत मात्र वरच्या मजल्यावर मोजावी लागते: भांड्यांवर धूळ आणि ४८ मिनिटांच्या सामायिकात ट्रकचे भोंगे. तेही एक वेळ सोसवते. पहाटेच्या अंधुक उजेडात अशाच रस्त्याच्या कडेने अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींमागून भरधाव वाहन येते, तेव्हा या सोयीची जमा कोणत्या खाती धरावी? अनेक गावांत विहारसेवेचे तरुण आता चमकते जाकीट घालून त्यांच्यासोबत चालतात. हमरस्त्यावरच्या घराला हे काम सर्वांत जवळचे.