नारिंगघराचा पंचनामा

इमारती शाबूत आहेत. पंचनाम्यात पहिलं वाक्य हेच लिहावं लागतं. थंडीत संत्र्याची झाडं मरू नयेत म्हणून युरोपातल्या राजांनी आणि जमीनदारांनी बांधलेली ऑरेंजरी नावाची लांबच लांब दालनं अजून ठिकठिकाणी उभी आहेत. रंगरंगोटी झाली आहे, संध्याकाळी दिवे लागतात. गेलं ते आतलं. त्याची ही यादी.

एक अक्षर. आपलं नारंग फारसीत नारंगच राहिलं, अरबीत नारंज झालं, स्पॅनिशमध्ये नारांखा. फ्रान्सपर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचा ‘न’ गळला आणि ओरांज उरलं. इकडे आपणही नारिंग सोडून संत्रं म्हणू लागलो. शब्द दोन्ही टोकांना झिजला. मधल्या काळात त्याच्या नावाने महाल उठले, ही गंमतच. शिवाय ते फळ बहुतेकदा कडू नारिंग असायचं. सालीचा मुरंबा करायचा, फुलांचं सुगंधी पाणी काढायचं. बाकी झाड दाखवण्यासाठी.

फळ्यांचं खोपट. महालांच्या आधीची गोष्ट. इंग्लंडात सरे परगण्यात बेडिंग्टनला सर फ्रान्सिस कॅर्यू याने सोळाव्या शतकात नारिंगाची झाडं थेट जमिनीत लावली. हिवाळा आला की त्यांच्याभोवती लाकडी खोपट उभारायचं, वसंतात मोडून ठेवायचं. दीडशेवर वर्षं हे चाललं. १७३९–४० च्या कडाक्यात झाडं गेली, मग खोपटाचंही काम उरलं नाही.

चोरी. २५ जून १६६६ रोजी लंडनजवळ हॅकनीला लॉर्ड ब्रुकच्या बागेत सॅम्युएल पीप्स गेला होता. नौदलाच्या कचेरीतला बडा अधिकारी, पण झाडाला लागलेलं संत्रं त्याने तोवर पाहिलं नव्हतं. माळी फळांना डोळ्यांत तेल घालून जपत होता. त्याची नजर चुकवून पीप्सने एक तोडलं आणि खाल्लं. करंगळीच्या टोकाच्या निम्म्याएवढं, हिरवं. घरी येऊन रोजनिशीत लिहूनही ठेवलं. आज कुणी संत्रं चोरत नाही. चोरण्याजोगं राहिलंच नाही ते.

अंधार. आपण काचघर डोळ्यांपुढे आणतो, पण जुनी ऑरेंजरी काचघर नव्हे. डोक्यावर पक्कं छप्पर, उत्तरेला जाडजूड बिनखिडकीची भिंत आणि फक्त दक्षिणेला उंच खिडक्या. झाडांना तिथे वाढायचं नसे, तगून राहायचं असे. तेवढाही उजेड कुठे कुठे पुरेना. लंडनच्या क्यू बागेत विल्यम चेंबर्सने १७६१ मध्ये बांधलेली ऑरेंजरी दिसायला देखणी, पण आत झाडं खंगायची. शेवटी १८४१ मध्ये झाडं हलवली. तिथे आता उपाहारगृह आहे. माणसांना जेवायला मंद उजेड चालतो. चार वर्षांनी, १८४५ मध्ये, इंग्लंडात काचेवरचा कर उठला. छपरासकट काचेची घरं होऊ लागली आणि दगडी छपराखालचा तो गार काळोख जुन्या पद्धतीचा ठरला. आगबोटींनी भूमध्य समुद्राकडची संत्री स्वस्तात आणली, तेव्हा तर हौसेचंही कारण संपलं.

ओलं फडकं. झाडांत पाण्याचं भांडं किंवा ओलं फडकं ठेवायचं; ते गोठलं की समजायचं, हिव आत शिरलं. मग कोळसे पेटवायचे. जमिनीत खळगा करून त्यात निखारे ठेवत, नाहीतर शेगड्या आत नेत. धूर झाला की पानं गळायची, कोंडलेल्या हवेत माणसाचंही डोकं भणभणायचं, म्हणून निखारे आधी बाहेर फुलवून आणायचे. रात्री उठून कुणीतरी ते फडकं चाचपत होतं. ऑरेंजरीच्या वर्णनांत कमानी असतात, पुतळे असतात, हा हात नसतो. माझ्या मते तिचा खरा खांब हाच होता.

फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजमहालात मात्र शेगडीवर भिस्त नव्हती. ज्यूल आर्दुआँ-मान्सारने १६८४ ते १६८६ मध्ये महालाच्या गच्चीखालीच दीडशे मीटरहून लांब दालन काढलं. काही मीटर जाडीच्या भिंती, दक्षिणेचं ऊन आणि दुहेरी खिडक्या, एवढ्यावर आतलं तापमान हिवाळ्यात पाच अंशांच्या खाली सहसा जात नाही. चौदाव्या लुईला संत्र्यांचं वेडच होतं. १६६१ मध्ये त्याने आपला अर्थमंत्री फुके याला तुरुंगात टाकलं आणि त्याच्या बागेतली झाडंही व्हर्सायला आणवली. अपराध्याच्या मालमत्तेत झाडं मोजणारा हा राजा.

तिथल्या पेट्या अजून आहेत, म्हणून त्या या यादीत अर्ध्याच धरतो. चौकोनी लाकडी पेटी, लोखंडी सांगाडा, उघडता येणाऱ्या बाजू. फळी काढायची, मुळं छाटायची, नवी माती भरायची, पुन्हा लावायची. कुंडी फोडावी लागत नाही. या सोयीवर काही झाडं पिढ्यान्‌पिढ्या जगली. ‘ग्रां बूर्बों’ नावाच्या एका झाडाचं बी १४२१ मध्ये स्पेनकडे पांप्लोनात पेरलं होतं असं सांगत. एकोणिसाव्या शतकातही लोक ते बघायला येत. आता ते नाही. पूर्वी पेट्या गाड्यांवर चढवताना माणसांचा घाम निघे. आता हजारावर झाडं यांत्रिक गाड्यांनी मेच्या मध्यावर बाहेर येतात आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आत जातात. मेचा मुहूर्त जुनाच आहे. ११, १२ आणि १३ मे हे तीन ‘बर्फाचे संत’. ते सरल्याखेरीज फ्रान्समधला जुना माळी नाजूक झाड उघड्यावर काढत नसे. आपल्याकडे मृग लागल्याशिवाय पेरत नाहीत, तसंच.

१८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचं बंड चिरडल्यावर व्हर्सायच्या त्याच दालनात हजारो कैदी कोंडले होते. इमारतीने झाडं आणि कैदी दोन्ही सांभाळले.

एक संध्याकाळ. ७ फेब्रुवारी १७८६, व्हिएन्नाचा शोनब्रुन महाल. भर हिवाळ्यात मेजवानी द्यायची तर ऊब हवी, आणि ऊब होती ऑरेंजरीत. एका टोकाला मोझार्टचा छोटा संगीतनाट्यप्रयोग, दुसऱ्या टोकाला सालिएरीचा. झाडांसाठीच्या उबेत सम्राटाचे पाहुणे रमले.

वेल्समध्ये मार्गमला टॉमस मॅन्सेल टॅल्बटने अठराव्या शतकाच्या अखेरीस ३२७ फूट लांबीची ऑरेंजरी बांधली आणि जुनं घर पाडून टाकलं. काही दशकं तिथे संत्र्यांना महाल होता, मालकाला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक राहायला आले. झाडं बाहेर राहिली आणि थंडीने मेली. आता तिथे लग्नं होतात.

पॅरिसच्या त्विलरी बागेतली १८५२ ची ऑरेंजरी सगळ्यांना ठाऊक आहे, पण चित्रांसाठी. क्लोद मोनेची कमळं तिथे १९२७ पासून आहेत. मध्यंतरी वर मजला चढवून त्यांचा उजेडच अडवला होता. तो पाडून २००६ मध्ये आकाश परत दिलं. फळझाडांसाठी केलेल्या घरात चित्रंही उजेडावाचून खंगावीत, हे मला पटतं.

आणि एक खोली. अमेरिकेत मेरीलँडला लॉइड घराण्याची वाय हाउस नावाची वाडी. पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेला लेखक फ्रेडरिक डग्लस लहानपणी इथे गुलाम होता. या बागेतल्या संत्र्यांची आठवण त्याने लिहिली आहे आणि फळं चोरणारी पोरं सापडावीत म्हणून कुंपणाला फासलेल्या डांबराचीही. ज्याच्या अंगाला डांबर, त्याला फटके. अठराव्या शतकातली ऑरेंजरी तिथे अजून उभी आहे. तिच्या पाठीशी भट्टीची खोली. पुरातत्त्ववाल्यांनी ती खणली तेव्हा कळलं की तिथे गुलाम राहत होते. भट्टीच्या विटांत एक दगडी बत्ता बसवलेला होता आणि दाराच्या उंबऱ्यापाशी पश्चिम आफ्रिकेच्या रीतीने, घर राखण्यासाठी, काही वस्तू पुरलेल्या होत्या. भिंतीच्या पुढच्या बाजूला संत्री होती.